फिरायची वाट आपणच बांधू या

 

आज एका साध्या गोष्टीविषयी बोलायचं आहे, पायवाटेविषयी. शेतात जायची वाट नव्हे, पाण्याला जायची नव्हे, नुसती फिरायची वाट. कुणी म्हणेल, बायांना फिरायला वेळ कुठला? आमच्या गटातही पहिल्यांदा हेच झालं. "फिरायला जाते" म्हटलं की घरातले विचारतात, काम नाही का काही? पण आठवून बघा. गटाच्या बैठकीला बसल्यावर किती जणींना शुगर आहे, किती जणींचे गुडघे धरलेत? डॉक्टर सांगतात, रोज अर्धा तास चाला. चालायचं कुठं? डांबरी रस्त्यावर कारखान्याच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या चालतात. एकामागे दोन ट्रॉल्या, त्यांना मागचा दिवा नाही. बांधावरून जावं तर गवत आणि साप.

आणि आपल्या पोरी? पोलीस भरतीत मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर धावावं लागतं, गोळा फेकावा लागतो. सराव करायला त्या पहाटे पाचला त्याच डांबरी रस्त्यावर जातात. आमच्यातल्या एकीच्या मुलीला दोन वर्षांपूर्वी धुक्यात ट्रॉलीचा ऊस घासून गेला. खांद्याला खरचटलं, एवढ्यावर निभावलं. पण दुसऱ्या दिवसापासून बापानं तिचं धावणंच बंद केलं. रस्ता धोक्याचा आणि बंद झालं ते पोरीचं धावणं, हे काही आम्हाला पटलं नाही. तिथून आमचं पायवाटेचं वेड सुरू झालं.

आधी आमची चूक ऐका

आमचं गाव वाण नदीच्या अंगाला आहे. शाळेच्या मागून नदीकडे जुनी वाट होती, बाभळीत हरवलेली. आम्ही दहा-बारा जणी उत्साहानं लागलो. झुडपं तोडली, खळगे दिसले तिथं शेजारच्या शेतातली माती टोपल्यानं आणून टाकली, पायानं दाबली, कडेला चुना मारला. मे महिन्यात वाट अशी दिसायची की बघत राहावं.

मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला आणि सगळा राडा. चप्पल रुतून बसायची. आमच्यातल्या एक मावशी घसरून पडल्या, मनगट मोडलं. लोक म्हणाले, बायांचं काम असंच. आम्हाला ते फार लागलं. पण खरं सांगायचं तर दोष मनगटाचाही नव्हता आणि पावसाचाही नव्हता. आम्हाला काम येत होतं, कामामागचं कारण माहीत नव्हतं.

आपली काळी माती कापसाला चांगली, वाटेला वाईट. ती पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच गुणामुळे. अशा मातीवर कितीही छान वाट केली तरी ती दर वर्षी हलणार. आणि आम्ही तर काळ्या मातीवर आणखी काळी माती ओतली होती!

शिकवण म्हणजे काय

माती उकरणं आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. १९७२ च्या दुष्काळात आपल्या सासवा, आजेसासवा खडी फोडायला गेल्या होत्या. सुकडी खाऊन त्यांनी मराठवाड्यातले किती तरी रस्ते आणि पाझर तलाव केले. त्यातूनच पुढं रोजगार हमीचा कायदा झाला. महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तो १९७७ साली केला आणि १९७९ पासून तो लागू झाला. पण त्या कामावर रस्ता कुठून न्यायचा, उतार किती ठेवायचा, हे बाईला कुणी सांगितलं नाही. तिच्या वाट्याला टोपलं आणि हातोडा आला, आखणी साहेबाकडं आणि मुकादमाकडं राहिली. म्हणून रस्ता खचला तर ती त्याकडं बघत बसायची, दुरुस्त करू शकायची नाही.

हे चित्र बदलतं तेव्हा काय होतं, ते आपल्या जवळच घडलं आहे. २०१६ साली पाणी फाउंडेशननं वॉटर कप स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी तीनच तालुके होते: अमरावतीतला वरूड, साताऱ्यातला कोरेगाव आणि आपल्या परळीच्या पलीकडचं अंबाजोगाई. स्पर्धेत उतरणाऱ्या गावानं पाच माणसं शिकायला पाठवायची, त्यात किमान दोन बाया पाहिजेत. त्या पाच जणांनी निवासी शिबिरात समतल रेषा कशी काढायची, चर कसा आखायचा, पाणी कसं अडवायचं हे शिकायचं आणि परत येऊन गावाला शिकवायचं. पहिला क्रमांक कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावाला मिळाला. पुढच्या वर्षी तालुके ३० झाले आणि २०१८ साली ७५.

त्यातलं आम्हाला भावलं ते हे, की इंजिनिअरचं काम पाच गावकऱ्यांच्या हाती दिलं गेलं. पायवाटेला वेगळं काही लागत नाही. पाणी अडवायला जे गणित लागतं, तेच पाणी वाटेवरून बाजूला काढायलाही लागतं. तुमच्या आसपासच्या गावात त्या शिबिराला गेलेली एखादी ताई असेल तर तिला बोलवा. अर्धी शिकवण तिच्याकडं आहे.

उतार मोजायचं आपलं यंत्र

पहिला धडा ए-फ्रेमचा. नाव इंग्रजी आहे, वस्तू घरातलीच. सारख्या लांबीच्या दोन काठ्या घ्या, सात-आठ फुटांच्या. वरची टोकं एकत्र बांधा, खालची २ मीटर फाकवा. मधे आडवी काठी घट्ट बांधा. वरच्या गाठीतून दोरी सोडा आणि दोरीच्या टोकाला दगड बांधा. झालं यंत्र.

आता त्याला खूण करायची. यंत्र जमिनीवर उभं करून पाय टेकले तिथं खुंट्या ठोका. आडव्या काठीवर दोरी जिथं टेकते तिथं खडूनं रेघ मारा. मग यंत्र फिरवा, डावा पाय उजव्या खुंटीवर आणि उजवा डाव्या खुंटीवर. दोरी दुसऱ्या जागी येईल, तिथंही रेघ मारा. दोन्ही रेघांच्या बरोबर मधे पक्की खूण करा. पुढं कधीही दोरी या खुणेवर आली की समजा, दोन्ही पाय सारख्या पातळीवर आहेत.

उतार हवा असेल तर एका पायाच्या तळाला १० सेंटिमीटरचा लाकडी ठोकळा बांधा. दोरी खुणेवर आली की ठोकळ्याखालची जमीन १० सेंटिमीटर खाली आहे. २ मीटरला १० सेंटिमीटर, म्हणजे शंभराला पाच. फिरायच्या वाटेला हा उतार उत्तम. म्हातारी बाईही दम न लागता चढते. शंभराला दहाच्या वर चढ नेऊ नका.

माळरानावर किंवा नदीच्या उतरणीवर वाट करायची असेल तर आणखी एक नियम लक्षात ठेवा. वाटेचा चढ हा बाजूच्या जमिनीच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको. जमीन शंभराला बारा उतरत असेल तर वाट सहाच्या आत ठेवा. वाट सरळ उतारावरून खाली नेली तर पाणी तिचा ओढा करतं. वाट आडवी नेली तर पाणी तिला ओलांडून पलीकडं जातं. सगळ्या शिकवणीचं सार एवढंच आहे: पाणी वाटेवरून चालू नये, वाट ओलांडून जावं.

काळ्या रानात वाट कशी बांधावी

सोनपेठ भागात चढ कमी, सपाट काळं रान जास्त. इथं वाट जमिनीपेक्षा उंच असली पाहिजे. आम्ही दुसऱ्या खेपेला असं केलं.

आधी दोरी लावून, चुन्याची फक्की मारून दीड मीटर रुंदी आखली. दोघी शेजारी शेजारी बोलत चालू शकतील एवढी. मग वरची काळी माती वीतभर उकरून काढली आणि शेतात पसरायला दिली, शेतकरी खूश. त्या खळग्यात दगड उभे लावून जमिनीबरोबर केले, फटींत बारीक दगड ठोकले. त्यावर मुरूम, पण एकदम नाही, दोन थरांत. दर थर सुटा असताना १० सेंटिमीटर.

थर टाकला की पाणी शिंपडायचं. किती? मुरूम मुठीत दाबून बघा. लाडू वळला आणि बोटांतून पाणी निघालं नाही तर ओल बरोबर आहे. मग धुम्मसानं ठोकायचं, ठोकल्याचा आवाज टणक येईपर्यंत. इथं घाई करायची नाही. आमच्या पहिल्या वाटेवर धुम्मस फिरलाच नव्हता.

वरचा थर ठोकताना मधला भाग कडेपेक्षा चार-पाच सेंटिमीटर उंच ठेवायचा, म्हणजे पाणी दोन्हीकडं उतरतं. दोन्ही कडांना नाली काढायची आणि ती कुठं तरी सोडायची. नाली काढून मधेच संपवली तर ते डबकंच. वाट जिथं ओघळ ओलांडते तिथं पाइप टाका, नाहीतर दगडांचा बसका फरशीसारखा ओलांडा करा.

हिशेब सांगतो. १०० मीटर वाट, दीड मीटर रुंद, मुरूम २० सेंटिमीटर, म्हणजे ३० घनमीटर. साधारण साडेदहा ब्रास. आम्ही ४०० मीटरची वाट धरली, कारण जाऊन येऊन ८०० मीटर होतात, भरतीला लागतात तेवढेच. त्याला ४२ ब्रास मुरूम लागतो. दर १०० मीटरला दगड रोवून चुन्यानं आकडा लिहिला. आता पोरी घड्याळ लावून धावतात आणि आम्ही दगड मोजत चालतो.

मुरूम मात्र कुठूनही उचलू नका. ते गौण खनिज आहे, त्याला तहसीलची परवानगी लागते. ग्रामपंचायतीमार्फत अर्ज करा.

वाट कुणाच्या मालकीची?

कुदळ मारण्याआधी नकाशा बघा. गावनकाशावर पायमार्ग एका तुटक रेषेनं दाखवलेला असतो, गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी. तलाठ्याकडं किंवा भूमी अभिलेख कार्यालयात नकाशा मिळतो. जुनी वाट नकाशावर असेल तर तिच्यावर सगळ्यांचा हक्क आहे. कुणी ती नांगरली असेल तर आधी घरी जाऊन बोला, दोघी-चौघी मिळून, चहा घेत. बहुतेक भांडणं तिथंच मिटतात. नाहीच मिटलं तर वापरातली वाट अडवल्याची तक्रार तहसीलदारांकडं करता येते. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ मधे तो अधिकार आहे. पण कुणाच्या खाजगी रानातून, त्याला न विचारता नवी वाट काढू नका. फिरायच्या वाटेसाठी गावात वैर नको.

शिकायला कोण, किती दिवस

एका गावातून पाच-सहा जण पुरे. त्यात एक धावणारी पोर असावी, एक गवंडीकाम जाणणारी किंवा जाणणारा, एक हिशेब लिहिणारी आणि एक वयस्क बाई, जिचे गुडघे दुखतात. शेवटची का? कारण पायरी उंच झाली, चढ जास्त झाला, बसायला दगड हवा होता, हे तिलाच कळतं.

चार सकाळी शिकवण ठेवा. पहिल्या दिवशी फक्त चालायचं आणि पाणी कुठून येतं, कुठं जातं ते बघायचं. दुसऱ्या दिवशी ए-फ्रेम आणि आखणी. तिसऱ्या दिवशी १० मीटरचा तुकडा प्रत्यक्ष बांधायचा. चौथ्या दिवशी त्यावर दहा हंडे पाणी ओतायचं आणि ते कसं वाहतं ते बघायचं. हे पाणीच आपली परीक्षा घेतं, दुसरा मास्तर लागत नाही.

आपल्याकडं एप्रिल-मेचं ऊन जीवघेणं. काम सहा ते नऊ, त्यानंतर एक कुदळही मारायची नाही. पिण्याचं पाणी, लिंबू-मीठ-साखर सोबत ठेवा. झुडपं तोडताना पायात बूट, हातात काठी. आधी काठीनं आपटायचं, मग हात घालायचा. साप चावला तर आवळून बांधू नका, कापू नका, मांत्रिकाकडं नेऊ नका. माणसाला शांत झोपवा, हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि सरकारी दवाखान्यात न्या.

झाडं सरसकट तोडू नका. वेडी बाभूळ काढा, कडुलिंब, करंज राहू द्या, सावली लागते. पण वाटेच्या दोन्ही अंगांना दीड-दोन मीटर कमरेच्या वर वाढलेलं झुडूप ठेवू नका. दूरवरून माणूस दिसला पाहिजे. बाई एकटी चालते ती वाट मोकळी दिसते म्हणून. आडोशाची वाट कितीही गार असली तरी पोरी तिथं जाणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

रोज बुडवून कोण येणार?

हा प्रश्न आमच्या बैठकीत एका बाईनं विचारला आणि सगळ्या गप्प झाल्या. ती रोजंदारीवर जाते. तिनं दोन दिवस श्रमदान केलं तर घरात दोन दिवसांचा किराणा कमी. प्रश्न रास्त होता.

आम्ही ठरवलं, अवजड काम श्रमदानातून नाही. मुरूम, दगड, खोदाई याचं काम ग्रामपंचायतीच्या आराखड्यात घालायचं, त्याची मजुरी मिळाली पाहिजे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा होते, तिथं ठराव मांडायचा आणि मुख्य ग्रामसभेत तो लिहून घ्यायला लावायचा. आपण स्वेच्छेनं करायचं ते आखणी, देखरेख आणि निगा. पंधरा दिवसांतून दोन तास. ऊसतोडीला जाणाऱ्या मैत्रिणींवर दिवाळी ते पाडव्यापर्यंत काहीच भार टाकायचा नाही. त्या परत आल्या की मे महिन्याची पाळी त्यांची.

निगा: खरं काम इथून पुढं

अमेरिकेत अ‍ॅपलाचियन डोंगररांगेतून जाणारी एक पायवाट आहे, जवळपास ३,५०० किलोमीटरची. तिची कल्पना १९२१ साली निघाली, १९३७ साली ती पूर्ण झाली. एवढी मोठी वाट आजही मुख्यतः स्वयंसेवक सांभाळतात. तीसेक मंडळं आहेत आणि प्रत्येक मंडळाला आपला तुकडा नेमून दिलेला आहे. त्यांना जमतं, कारण अख्ख्या वाटेची काळजी एकट्यादुकट्यावर नाही. आमच्या ४०० मीटरचे आम्हीही चार तुकडे केले, चार गटांना एकेक.

वर्षाचं गणित असं. मृगाच्या आधी नाल्या साफ. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन वाटेवर जायचं. हो, भर पावसात! वाट कोरडी असताना तिचं दुखणं दिसत नाही. पाणी साचतं तिथं काठी रोवून यायची. पोळ्याच्या सुमाराला गवत कापायचं, गाजर गवत फुलावर यायच्या आधी उपटायचं, हातात पिशवी किंवा मोजे घालून. दिवाळीनंतर, जमिनीत थोडी ओल असताना, खळग्यांत मुरूम भरून ठोकायचा.

दुखणं ओळखायला शिका. वाटेच्या मधोमध लांब ओघळ पडली तर पाणी वाटेवरून चालतंय, तिथं तिरका दगडी आडबांध घालून त्याला बाजूला काढा. डबकं झालं तर तिथला मधला उंचवटा बसला आहे. कडा ढासळली तर नाली फार जवळ किंवा फार खोल आहे. आणि लोक वाट सोडून बाजूनं नवी पायवाट पाडत असतील तर लोकांवर चिडू नका. आपल्या वाटेत काही तरी चुकलं आहे, तेच ते पायांनी सांगताहेत.

एक वही ठेवा. तारीख, जागा, काय बिघडलं, काय केलं, कुणी केलं. एवढ्या पाच रकान्यांवर वाट वर्षानुवर्षं टिकते. ग्रामपंचायतीत मुरूम मागायला गेलो तेव्हा आमची वही बघूनच विषय पुढं सरकला.

मैत्रिणींनो, वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बाया स्वतः होडी वल्हवतात आणि पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. त्यांच्याकडं खाडी आहे. आपल्याकडं गोदाकाठ आहे, वाण आहे, माळरान आहे. पाहुणे येतील तेव्हा येतील. आधी आपण तरी आपलं रान मोकळ्या पायानं बघू या.

मावशींचं मनगट बरं झालं. त्या रोज संध्याकाळी चालतात, आणि दुसऱ्या तुकड्याची वही त्यांच्याकडंच आहे. ती पोर पुन्हा धावायला लागली. पहिले काही दिवस बाप पहाटे ३०० च्या दगडावर बसून राहायचा, आता येत नाही.

येत्या बैठकीत एवढंच करा. दोन काठ्या, दोरी आणि दगड घेऊन ए-फ्रेम बांधा आणि आपल्या अंगणाचा उतार मोजा. मग गावनकाशा मागवा आणि तुटक रेषा शोधा. काय सापडलं ते आम्हाला नक्की कळवा. पुढच्या कार्यक्रमात तुमच्या गावाच्या वाटेविषयी बोलू.